तिएग्वानयिन: चिनी ऊलाँग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

चिनी ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, पहिल्यांदा घरी आणलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते: एवढे पैसे मोजले आणि हाती आलं कडवट पिवळं पाणी. जरा खोदून विचारलं की कळतं, पत्ती पातेल्यात टाकून चांगली पाच मिनिटं खळखळवली होती. कधीकधी वरून दूधही पडलेलं असतं. आपली सीटीसी पत्ती उकळण्यासाठीच बनते. दाणा बारीक, रंग आणि कडकपणा झटकन सोडणारा, दूध-साखर-आलं पेलणारा. ऊलाँगचा हिशोब नेमका उलटा. पत्ती भरपूर, पाणी थोडं, वेळ काही सेकंदांचा, आणि तीच पत्ती सहा-सात वेळा वापरायची. एवढं पटलं की पुढचं काम हाताला वळण लावण्याचं.

ऊलाँगचे प्रकार पुष्कळ आहेत. चीनच्या फुज्यान प्रांताच्याच उत्तरेला वुयी डोंगरातले चहा आहेत, ग्वांगदोंग प्रांतातले आहेत, तैवानचे तर वेगळेच. नवख्यानं एवढ्या पसाऱ्यात शिरू नये. एक चहा धरावा आणि तोच नीट करायला शिकावं. माझ्या मते तो तिएग्वानयिन असावा. ऑनलाइन तो तुलनेनं सहज मिळतो, चुका बऱ्यापैकी पोटात घालतो, आणि एकाच नावाखाली चवीची दोन टोकं दाखवतो. त्यामुळे हा एक चहा कळला की पुढचे ऊलाँग समजायला सोपे जातात.

हा चहा कुठला

फुज्यान प्रांताच्या दक्षिण भागात, च्वान्चौ शहराच्या हद्दीत आन्शी नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिएग्वानयिन तिथला. शीपिंग हे त्याचं मूळ गाव मानतात. शीपिंग, श्यांगहुआ आणि गान्द ही नावं चांगल्या पाकिटांवर दिसतात. उगमाच्या कथा दोन आहेत, आणि दोन घराण्यांच्या आहेत. वेई घराणं सांगतं, की वेई यिन नावाचा शेतकरी रोज सकाळी ग्वानयिनच्या मूर्तीपुढे चहा ठेवायचा, आणि देवीनं स्वप्नात दाखवलेलं झुडूप त्याला खडकाच्या फटीत सापडलं. वांग घराण्याचं म्हणणं, झुडूप सापडलं ते वांग शिरांग या पंडिताला. त्याचा चहा १७४१ साली छ्येनलोंग बादशहापर्यंत गेला आणि नाव बादशहानंच ठेवलं. दोन्हीकडची मंडळी आजही आपापल्या कथेवर ठाम आहेत. ग्वानयिन मात्र आपल्या ओळखीची निघते. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आणि कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातली अकरा मुखांची मूर्ती, दोन्ही अवलोकितेश्वराच्या. त्याच अवलोकितेश्वराला चीनमध्ये पुढे स्त्रीरूप मिळालं, ती ग्वानयिन.

२०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं आन्शीतल्या या चहाशेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं. त्याच वर्षी युनेस्कोनं चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीची कौशल्यं आपल्या वारसा यादीत घेतली, त्यांतही तिएग्वानयिन आहे. हा मान कशासाठी, ते चहा कसा बनतो हे पाहिल्यावर कळतं.

नाजूक कोंब खुडायचा ही आसाम-दार्जिलिंगची रीत इथे चालत नाही. पानं उलगडून जरा राठ होऊ देतात आणि मग वरची दोन-तीन पानं देठासकट तोडतात. उन्हात थोडी मरगळू देतात, सावलीत थंड करतात. मग खरं काम सुरू होतं. बांबूच्या मोठ्या पिंपात पानं घालून पिंप फिरवायचं, पानं एकमेकांवर आपटून कडा ठेचू द्यायच्या, मग सुपांत पसरून तास-दोन तास स्वस्थ ठेवायची, पुन्हा फिरवायची. हे रात्रभर चालतं. कारागीर घड्याळापेक्षा नाकावर विसंबतो: हिरवा उग्र वास जाऊन फुलाचा वास कधी येतो, त्यावर पुढची फेरी ठरते. ठेचलेल्या कडेला हवा लागते आणि ती तांबूस होते, मधला भाग हिरवाच राहतो. शिवाय तोडलेलं पान अजून जिवंत असतं. त्या माराला उत्तर म्हणून त्यात सुवासिक द्रव्यं वाढतात. नेरोलिडॉल आणि इंडोल ही त्यातली मुख्य. इंडोल मोगऱ्यातही असतं, म्हणून चांगल्या पत्तीला फुलाचा वास येतो तेव्हा त्यात वरून काही मिसळलेलं असेलच असं नाही.

सकाळी कडक आचेवर पान परतलं की ही प्रक्रिया थांबते. मग ते फडक्यात गच्च बांधून गोळा करायचा, दाबून मळायचा, सोडून मोकळा करायचा, पुन्हा बांधायचा. असं कितीतरी वेळा. शेवटी वाटाण्याएवढ्या घट्ट, वजनदार गुठळ्या उरतात, त्या भट्टीत सुकवतात, आणि मग घरोघरी देठ निवडण्याचं काम चालतं.

पाकिटात काय आहे ते आधी ओळखा

ही पायरी टाळली तर पुढच्या सूचनांचा उपयोग नाही. तिएग्वानयिन या एकाच नावानं आज मुख्यतः तीन गोष्टी विकल्या जातात.

पहिली छिंगश्यांग, म्हणजे हलकी. गुठळ्या गडद हिरव्या, चकचकीत. काढा फिकट हिरवट-पिवळा. वास फुलाचा, थेट नाकात शिरणारा. १९९० च्या दशकापासून हीच तऱ्हा बाजारात पुढे आली, त्यामुळे हिरव्या पाकिटात निर्वात पुडीतून येते ती बहुधा हीच. दुसरी नोंगश्यांग, म्हणजे भाजलेली. गुठळ्या काळपट-तपकिरी, काढा सोनेरी ते नारिंगी, वासात भाजलेलं धान्य, मध, कधी सुका मेवा. जुनी पद्धत हिच्या जवळची. तिसरी छनश्यांग, वर्षानुवर्षं ठेवून अधूनमधून पुन्हा भाजलेली; ती सध्या सोडून द्या.

भारतीय दुकानदार पाकिटावर यातलं काही लिहितोच असं नाही. म्हणून गुठळ्यांचा रंग पाहा. फोटोतही तो कळतो.

सगळीकडे नवख्यांना हलकी घ्यायला सांगतात, कारण तिचा वास पहिल्या घोटातच भुरळ घालतो. माझा सल्ला उलटा आहे. पहिलं पाकीट भाजलेल्याचं घ्या. आपल्या जिभेला चहात अंग लागतं, ते त्यात असतं. दहा सेकंद इकडेतिकडे झाले तरी ती रागावत नाही, आणि आपल्या हवेत ती फ्रिजबाहेर टिकते. हलकी पत्ती ताजी असतानाच खरी. गोदामात उन्हाळा काढलेली हलकी पत्ती पिऊन या चहाबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

हंगामही पाहा. वसंतातली तोड मे महिन्याच्या सुरुवातीला येते, शरदातली ऑक्टोबरात. तिकडे म्हण आहे, वसंताचं पाणी आणि शरदाचा गंध. म्हणजे वसंतातला काढा भरलेला, मऊ. शरदातला वासाला पुढे. उन्हाळी तोड स्वस्त असते आणि तुरटही.

दुधाच्या वासाचा 'मिल्क ऊलाँग' हा तिएग्वानयिन नव्हे. टी-बॅगमधली भुकटीही नको. सहा वेळा उलगडत जाण्याची करामत अखंड पानातच असते.

भांडी

गायवान घ्या. झाकण, बिनकानाचा पेला आणि बशी, एवढाच संच. पांढऱ्या चिनी मातीचा, १०० ते ११० मिलीचा. मोठा घेऊ नका. दोन-तीन माणसांना १०० मिली पुरतं, कारण पेले ३०-४० मिलीचे असतात. आन्शीसारखाच च्वान्चौच्या हद्दीतला दहुआ तालुका पांढऱ्या चिनी मातीसाठीच प्रसिद्ध आहे, आणि ग्वानयिनच्या पांढऱ्या मूर्तींसाठीही. यीशिंग या चिनी गावची मातीची तांबडी किटली दिसते सुरेख, पण ती वास धरून ठेवते, महाग असते आणि खोट्यांचा सुळसुळाट आहे. शिकताना चिनी मातीच बरी: ती चवीत ढवळाढवळ करत नाही.

याशिवाय काढा एकत्र ओतायला एखादं छोटं काचेचं भांडं, लहान पेले, आणि टाकाऊ पाण्यासाठी एक मोठा वाडगा. चिनी चहाचा लाकडी ट्रे नसला तरी काही अडत नाही. कडा असलेली स्टीलची ताटली हेच काम करते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर उत्तम.

गायवान अजून आलेला नसेल तर चिनी मातीची वाटी आणि तिच्यावर बसणारी बशी घ्या. ओतताना पाणी सांडेल, पण शिकता येतं.

पाणी

मुंबईचं नळाचं पाणी मऊ असतं, गाळून घेतलं की चालतं. बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी असेल तर ते वापरू नका. त्यात वास दबतो, काढा गढूळ दिसतो आणि वर तवंग येतो. आरओनं क्षार पार काढून टाकलेलं पाणीही चहा पातळ आणि पोकळ करतं. तसं असेल तर आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून पाहा, फरक लगेच जाणवेल.

तापमानाबद्दल फार डोकं शिणवू नका. ग्रीन टीला ८० अंश ही शिकवण इथे लागू नाही. घट्ट वळलेली गुठळी कोमट पाण्याला दाद देत नाही. पाणी उकळतं घ्या, गॅसवरून उतरवलं की लगेच ओता, प्रत्येक फेरीला पुन्हा उकळी आणा. हलक्या पत्तीलाही उकळतंच. तिची काळजी वेळेनं आणि झाकणानं घ्यायची.

आता करायला घ्या

गायवान आणि पेले उकळत्या पाण्यानं विसळून गरम करा. पाणी ओतून टाका. गरम, ओलसर गायवानात ७ ग्रॅम पत्ती टाका. निर्वात पुड्या बहुधा ७-८ ग्रॅमच्याच असतात, तेव्हा एक पुडी म्हणजे एक बैठक. टाकताना कान द्या: चांगली वळलेली पत्ती चिनी मातीवर टणटण वाजते, सैल-पोकळ पत्ती नुसती सरसरते. झाकण लावून एकदा हलवा, झाकण जरासं उघडून वास घ्या. कोरड्या पत्तीचा खरा वास या क्षणी कळतो, पाकिटात नाक घालून नाही.

सात ग्रॅम हे प्रमाण आपल्याला जास्त वाटतं. तळाला जेमतेम दोन थर दिसतात, पण तिसऱ्या फेरीपर्यंत पानं उलगडून झाकणाला टेकतील. घाबरून पत्ती कमी करू नका, वेळ कमी ठेवा.

पाणी जरा उंचावरून ओता म्हणजे गुठळ्या उसळतात. लगेच, पाचेक सेकंदांत, ते पाणी वाडग्यात काढून टाका. ही धुलाई पत्ती जागी करण्यासाठी. वसंतातली ताजी, हलकी पत्ती असेल तर हे पाणीही पिण्याजोगं असतं. मी टाकत नाही.

पहिली फेरी: पाणी भरा, पण काठोकाठ नको. गायवानाचा काठ जिथे बाहेर वळायला लागतो, त्याच्या खालीच थांबा. बोटं भाजतात ती नव्वद टक्के यामुळेच. झाकण लावा, १५ सेकंद मोजा. मग झाकण किंचित तिरकं करा, एका बाजूला केसभर फट. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोर काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. बशी खाली ठेवून पेला तेवढा उचला आणि एका झटक्यात सरळ उभा धरून ओता. भीत भीत, हळू ओतलं की वाफ आणि पाणी दोन्ही बोटांकडे येतं. शेवटचा थेंब निघेपर्यंत धरा. तळाशी राहिलेलं चमचाभर पाणी पुढची फेरी कडू करतं. थंड पाण्यानं ही उचल-ओत थोडा सराव करून घेतली तर पुढे बोटं वाचतात.

फुज्यानमध्ये जुनी मंडळी वेगळं भांडं न घेता थेट पेल्यांत ओततात. पेले चिकटवून मांडायचे आणि गायवान त्यांच्यावरून गोल गोल फिरवायचा. याला म्हणतात ग्वान गोंगची नगरफेरी. शेवटचे दाट थेंब एकेका पेल्यात एकेक टाकायचे, ती हान शिनची सैन्यगणती. दोघेही चिनी इतिहासातले सेनापती. हेतू एवढाच, की सगळ्यांच्या पेल्यात सारखा चहा यावा.

दुसऱ्या फेरीला १० सेकंद पुरतात, कारण गुठळ्या आता सुटायला लागल्यात. तिसरीला १५, चौथीला २०, पाचवीला ३०, सहावीला ४५, सातवीला मिनिटभर किंवा जास्त. हे आकडे भाजलेल्या पत्तीचे. हलकीला सुरुवातीच्या प्रत्येक फेरीत दोन-तीन सेकंद कमी करा, आणि काढा ओतून झाला की झाकण बाजूला काढून ठेवा. नाहीतर आतल्या वाफेवर पानं शिजतात आणि उकडलेल्या भाजीचा वास येतो.

प्रत्येक फेरीनंतर झाकणाची आतली बाजू हुंगा. हे दिखाऊपण नव्हे. वास तिथेच अडकलेला असतो, आणि गरम असताना एक, निवल्यावर दुसरा येतो. घोट जिभेवर फिरवून गिळा आणि क्षणभर थांबा. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर घशाशी येते तशी गोडी मागाहून येते का, ते पाहा. साखर नसताना ती येते, आणि चांगल्या पत्तीची खूण तीच. दुसरी ते चौथी या फेऱ्या सर्वांत भरलेल्या. पुढे वास मागे सरतो आणि नुसती गोडसर, मऊ चव उरते. सात फेऱ्यांनंतरही गंध उरतो असं तिकडे अभिमानानं सांगतात. मामुली पत्ती चौथ्या-पाचव्या फेरीतच हात टेकते.

रिकाम्या पोटी हे करू नका. सात ग्रॅम पत्तीचं कॅफीन पोटात जातं, सवय नसेल तर गरगरतं. नाश्ता किंवा जेवण झाल्यावर तासाभरानं बसा. सोबत तिखट फरसाण ठेवलं तर जीभ बधिर होते. फुज्यानच्या दक्षिणेत चहाबरोबर शेंगदाण्याची खुसखुशीत मिठाई खातात, आपल्याकडे शेंगदाण्याची चिक्की आहेच.

पान उलगडून पाहा

बैठक संपली की पत्ती लगेच कुंडीत टाकू नका. पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या ताटलीत चार-पाच पानं सोडा आणि बोटानं अलगद पसरवा. अस्सल तिएग्वानयिनचं पान जाड, कडा लाटांसारख्या उठलेल्या, आणि टोक मधोमध नसून एका बाजूला किंचित झुकलेलं. आन्शीतले शेतकरी झाडाची ओळख सांगतात तीही अशीच: कोंब तांबूस, टोक वाकडं. आन्शीत बेन्शान, माओश्ये आणि ह्वांगजिन ग्वेई या जातीही पिकतात. त्या वाईट नाहीत, स्वस्त आहेत, आणि कधीकधी तिएग्वानयिनच्या नावावर खपवल्या जातात. बेन्शान तर इतकी जवळची आहे, की जाणकारही गोंधळतात. माओश्येच्या पानाला बारीक टोकदार दाते असतात, ती लवकर ओळखू येते.

भाजलेल्या पत्तीत पानाची कड तांबूस दिसेल. हलक्या पत्तीत ती बऱ्याचदा फाटकी, कुरतडलेली असते. ते खराब मालाचं लक्षण नव्हे; काढा स्वच्छ हिरवट दिसावा म्हणून लाल झालेल्या कडा मळतानाच झाडून टाकतात.

चव बिघडली तर

कडू-तुरट झाला: वेळ कमी करा; तरीही तुरट असेल तर पत्ती ५ ग्रॅमवर आणा. पाणचट झाला: पाणी पुरतं उकळलेलं नव्हतं किंवा पत्ती कमी पडली. हलक्या पत्तीला आंबूस झाक आली तर ती बहुधा मुद्दाम आणलेली तऱ्हा असते, काहींना फार आवडते, मला नाही. भाजलेल्या पत्तीला कोळशाचा उग्र वास येत असेल तर ती नुकतीच भट्टीतून निघालेली आहे. डबा बंद करून महिनाभर विसरून जा, वास बसतो.

घाईच्या दिवशी

मोठ्या मगात ३ ग्रॅम पत्ती, २०० मिली उकळतं पाणी, तीन मिनिटं, गाळणीतून ओता. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा चार-पाच मिनिटं. फेऱ्यांची गंमत यात नाही, पण ऑफिसात एवढं पुरे.

एप्रिल-मेच्या उकाड्यात हलकी पत्ती थंड पाण्यात मुरवा: ५ ग्रॅम, अर्धा लिटर पाणी, फ्रिजमध्ये रात्रभर. तुरटपणा जवळजवळ येतच नाही.

साठवण

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा, आणि त्याच्या जोडीला मसाल्याचा डबा. चहाची पत्ती भोवतालचा ओलावा आणि वास दोन्ही ओढून घेते. भाजलेली पत्ती घट्ट झाकणाच्या, बिनवासाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून लांब. हलकी पत्ती बंद पुडीसह हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि सहा महिन्यांत संपवा. फ्रिजमधून काढलेली पुडी लगेच फोडू नका. तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार पत्तीवर हवेतला ओलावा धरतो आणि उरलेली पत्ती आठवडाभरात मरते.

दुसरं पाकीट आल्यावर

दोन पाकिटांची तुलना वर सांगितलेल्या फेऱ्यांनी करू नका. चांगला हात वाईट पत्ती झाकून नेतो. चीनमध्ये ऊलाँगची परीक्षा करणारे मुद्दाम कठोर पद्धत वापरतात: ११० मिलीच्या गायवानात ५ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, पहिली फेरी २ मिनिटं, दुसरी ३, तिसरी ५. दोन सारखे गायवान शेजारी ठेवून दोन्ही पत्त्या अशाच करा. चहा पिण्याजोगा गोड लागणार नाही, पण कुठल्या पत्तीत दोष आहे आणि कुठल्या पत्तीचा वास पाच मिनिटांनंतरही टिकतो, ते तिसऱ्या फेरीत स्वच्छ कळेल. जी टिकली तिच्याच दुकानदाराकडे पुढची मागणी नोंदवा.